शेख सरांचा चहा

आमच्या लॅबच्या सिंकमध्ये दोन गोष्टी साठतात: काचेची भांडी आणि किस्से. भांडी शनिवारी घासून होतात. किस्से कुणी घासत नाही, म्हणून ते वाढतच चाललेत. मित्रमंडळी जमली की "काय गं युरेनियमवाली, सांग काहीतरी" म्हणतात आणि मी सुरू होते. म्हटलं, आता एकदाचे लिहूनच काढू.

आधी माणसं सांगते. डॉ. शेख सर भिंगारचे. युरेनियम आणि थोरियमचे रसायनशास्त्रज्ञ. परदेशात मोठ्या लॅबमध्ये होते, तिथून नगरला परत आले. "सर, तिकडेच का नाही राहिलात?" असं विचारलं की एकच उत्तर: "तिकडे संध्याकाळी सहाला जेवायला वाढतात, बेटा!" दुसरी मी, साळवे, बेलापूरची, सरांकडे पीएचडी करते. तिसरा गाडेकर, तोही पीएचडीचाच. आणि लॅब सांभाळणारे रोकडे मामा.

सरांना आयुष्यभर एकच वेड. एक लाल संयुग, ज्यात युरेनियम आणि कार्बन थेट एकमेकांना धरून बसलेत. ते बनतं, लालभडक दिसतं, आणि जराशी हवा लागली की पिवळं पडून संपतं. त्याचा एकही धड स्फटिक सरांच्या हाती लागला नव्हता. स्फटिक नाही तर एक्स-रे नाही, आणि एक्स-रे नाही तर तो बंध आहे हे जग मानत नाही. सर येत्या मेमध्ये रिटायर होणार होते. म्हणजे आता नाही तर कधीच नाही!

त्यामुळे लॅबचा कायदा एकच: ज्याच्या हातून संयुगाच्या भांड्यात हवा जाईल, त्यानं सगळ्यांना गेटवरचा चहा पाजायचा. गाडेकरनं पाजला, मी तर इतका पाजला की टपरीवाला मला लांबून बघून गाळणी उचलायचा. सरांनी मात्र कधीच नाही. त्यांच्या हातून हवा आत गेलीच नाही! आमच्याकडे एखादी गोष्ट अशक्य आहे हे सांगायचं तर म्हणायचे, "हो हो, होईल. सरांच्या चहाच्या दिवशी!"

*

सरांच्या लग्नानंतरची गोष्ट. सासुरवाडीत कुजबुज झाली की जावई बॉम्बचं सामान हाताळतो. सासूबाई त्यांना अंघोळ केल्याशिवाय घरात चहाही देईनात.

सर समजावून सांगायला गेले. "अम्मी, घाबरू नका. तुमच्या लग्नात गॅसबत्ती होती ना? तिच्या आतल्या जाळीत थोरियमच असायचं."

सासूबाईंनी आतल्या खोलीत बसलेल्या सासऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"तरीच!" म्हणाल्या.

*

आमच्याकडे ग्लोव्ह बॉक्स आहे. काचेची बंद पेटी, आत हवेऐवजी आर्गॉन. बाहेरून लांब रबरी हातमोज्यांत हात घालून आतलं काम करायचं. एकदा हात घातले की तासभर काढता येत नाहीत, आणि हात अडकले रे अडकले की नाक खाजतंच!

गाडेकर आत नाजूक काम करत होता. एकदम ओरडला, "मामा, नाक!"

रोकडे मामा धावले. "कुठं? हितं?"

"डावीकडं. अजून खाली. हां, हां... जोरात!"

नेमके त्याच वेळी संस्थेचे एक विश्वस्त पाहणीला दारात उभे. त्यांनी मला हळूच विचारलं, "ही पोस्ट मंजूर आहे का?"

*

तेच विश्वस्त खरं तर वेगळ्याच कामासाठी आले होते. कुणीतरी त्यांच्या कानात भरलं होतं की रसायनशास्त्र विभागातून किरणं बाहेर पडतात. मला इतका राग आला! असल्या अफवांवर मोठी माणसं विश्वास ठेवतात, आणि मग म्हणतात नगरमध्ये संशोधन का होत नाही! मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी डोळ्यांनीच गप्प बसवलं.

त्यांनी किरण मोजायचं यंत्र विश्वस्तांच्याच हातात दिलं. "साहेब, तुम्हीच बघा."

साहेबांनी यंत्र उजव्या हातात धरून टेबलाजवळ नेलं. टिक... टिक. कपाटाजवळ नेलं. टिक... टिक. कुठंच काही नाही. साहेब खूश झाले आणि यंत्र परत द्यायला दुसरा हातही पुढं केला. यंत्र कडकडकडकड वाजायला लागलं!

साहेबांच्या डाव्या मनगटावर आजोबांचं पलटणीतलं घड्याळ होतं. जुन्या रेडियमच्या काट्यांचं, अंधारात चमकणारं.

सर अत्यंत अदबीनं म्हणाले, "लॅब सुरक्षित आहे, साहेब. तुम्ही तेवढे जरा लांब उभे राहा."

*

माझ्या आत्याला वाटतं मी वर्षानुवर्षं नापास होतेय, म्हणून शिक्षण संपत नाही. बेलापूरला गेले की ओसरीवर चौकशी असतेच.

"नक्की काय करती गं तू?"

"युरेनियमला कार्बन जोडते, आत्या."

"जुडला?"

"जुडतो, पण हवा लागली की सुटतो."

आत्यानं थोडा विचार केला. "खळ लावून बघितली का?"

हे मी सरांना सांगितलं. मला वाटलं हसतील. सर गंभीरपणे म्हणाले, "तेवढंच राहिलंय बघ."

*

दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. युरेनियमची काही संयुगं जांभळ्या दिव्याखाली हिरवट चमकतात, म्हणून आम्ही दिवे मालवून तो दिवा टेबलांवरून फिरवतो. काही सांडलं असेल तर दिसावं म्हणून. मी फिरवला, आणि बघते तर काय! तराजू चमकतोय. फ्रीज चमकतोय. ग्लोव्ह बॉक्सवर तर पाच बोटं उमटल्यासारखे चमकते पट्टे!

"सगळे बाहेर!" मी किंचाळले. गाडेकरनं लॅबला कुलूप लावलं. सर आले, किरण मोजायचं यंत्र घेऊन एकटेच आत गेले, आणि बाहेर येऊन मामांना विचारलं, "मामा, खंडेनवमीला पूजा केली होती का?"

"व्हय सर. येका बी मशीनला सोडलं न्हाई!"

हळद! तीही त्या दिव्याखाली तशीच चमकते. त्या दिवशीचा चहा माझा झाला. माझ्या हातून हवा कुठं गेली होती? पण सर म्हणाले, "माझ्यातली गेली ना!"

*

मार्चमध्ये सरांनी शेवटचा प्रयत्न केला. बंद नळीतलं लाल द्रावण कोपऱ्यातल्या कपाटात ठेवलं. आता त्याला धक्का नको, हादरा नको. मला दम निघेना. सारखी कपाट उघडायला जायची, आणि सर म्हणायचे, "साळवे, भाकरी आहे का ती, सारखी उलथायला?"

अखेर कडेला साखरेच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसला. आणि त्याच संध्याकाळी कॉलेजसमोरून वरात आली. डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. मी धावत रस्त्यावर जाऊन टेम्पोपुढं उभी राहिले.

"बंद करा!"

नवरदेवाचे मामा पुढं आले. "काय झालं ताई? कोन आजारी हाय का?"

"नाही. आत स्फटिक वाढतोय."

"केवढा हाय?"

"साखरेच्या दाण्याएवढा."

"आनि त्याच्यापायी डीजे बंद करायचा?"

घोड्यावरून नवरदेव वाकला. "शेख सरांचा हाय का?"

"हो."

"बंद कर रे ते! सरांनी मला दोनदा नापास केलंय. बायकोसमोर तिसऱ्यांदा नको!"

वरात कॉलेजचं कुंपण संपेपर्यंत चिडीचूप गेली. घोडासुद्धा हळू चालला, असं गाडेकर आजही शपथेवर सांगतो.

*

त्या नळीत शेवटी दोन स्फटिक तयार झाले. एक सर आणि गाडेकर पुण्याला एक्स-रेसाठी घेऊन गेले. चित्र आलं. युरेनियम, कार्बन, आणि मध्ये स्पष्ट रेघ. मी नाचले, गाडेकर रडला. सरांनी चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला, आणि म्हणाले, "बरा दिसतोय."

दुसरा स्फटिक नळीतच होता.

मेमधल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी हार, भाषणं सगळं उरकून सर लॅबमध्ये आले. मी म्हटलं, "सर, हा आपण सीलबंद करून काचेच्या पेटीत ठेवू. नावासकट. येणाऱ्या पोरांना दिसू दे, नगरमध्ये काय होऊ शकतं ते!"

सर नळी घेऊन धूर ओढणाऱ्या कपाटापाशी गेले, हातमोजे चढवले, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि बूच काढलं.

"सर!" मी ओरडले.

लाल कडेनं तपकिरी झाला. मग तपकिरी पिवळा. आम्ही चौघं तो पूर्ण पिवळा होईपर्यंत बघत राहिलो.

सरांनी बूच टेबलावर ठेवलं, हातमोजे काढले आणि खिसा चाचपला.

"चला," म्हणाले, "आज माझ्याकडून."