रुक्माबाई इंजिन बदलतात

रुक्माबाई खोब्रागडे यांनी आयुष्यभर पुरुषांकडे वरून खाली पाहिलं. यात गर्व नव्हता, नोकरीच तशी होती. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्या ओव्हरहेड क्रेन चालवायच्या. छताला टेकलेल्या केबिनमधून भल्यामोठ्या प्लेटा उचलायच्या आणि खाली उभ्या असलेल्या माणसांच्या टोप्या तेवढ्या पाहायच्या. निवृत्त होऊन जमिनीवर आल्यावर त्यांना पहिल्यांदा पुरुषांचे चेहरे नीट दिसले, आणि खरं सांगायचं तर फारसा फायदा झाला नाही.

त्यातला एक चेहरा दौलतरावांचा. हे त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. स्मृती नगरात दुमजली घर, दारात जीपएवढी उंच पांढरी गाडी, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीचा अंतिम निर्णय. दर फेब्रुवारीत सगळं खोब्रागडे खानदान डोंगरगडला प्रज्ञागिरीवर बुद्धाच्या दर्शनाला जातं. गाड्यांचा ताफा निघतो, सर्वांत पुढे दौलतराव. गेल्या वर्षी डोंगरगडच्या अलीकडच्या चढावर रुक्माबाईंची जुनी लाल हॅचबॅक दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी धापा टाकत मागे राहिली. वर टपरीवर सगळ्यांचे दोन-दोन चहा झाले, तेव्हा कुठे ती पोचली.

"पुढच्या साली हे डबडं आणायचं नाही," दौलतरावांनी सर्वांसमोर हुकूम सोडला. "रुक्मा, तू आमच्या गाडीत मागं बसजो. अन्नपूर्णाच्या बाजूले."

अन्नपूर्णा म्हणजे दौलतरावांची बायको. त्यांची जागा कायमची ठरलेली: मागची सीट, मांडीवर आलूबोंड्यांचा डबा. पुढच्या सीटवर दौलतरावांची बॅग बसायची.

 रुक्माबाई रुआबांध्याला घरी आल्या, चप्पल काढली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी मागं बसणार नाही. गाडीचं इंजिन बदलून राहिलो."

आनंदराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला माणूस. सगळी हयात गाडीच्या शेवटच्या डब्यात गेल्यामुळे पुढे काय चाललंय यात ते ढवळाढवळ करत नसत. "चालते," म्हणाले आणि भाजी निवडायला बसले.

मोहन नगरचा बबलू मिस्त्री मात्र हादरला. "आंटी, दुसरी गाडी ले लो ना! इतना पॉवर करके क्या करोगे? सब्जी लेने ही तो जाते हो."

"मग भाजी ताजी येईन घरी. तुले जमते का नाही, ते सांग."

बबलूला जमत होतं. त्याच कंपनीच्या एका अपघातग्रस्त मोठ्या गाडीचं टर्बो इंजिन त्याने शोधून काढलं. जुन्याच्या दुप्पट ताकदीचं. परिवहन खात्याची परवानगी रुक्माबाईंनी स्वतः खेटे घालून आणली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, कावून पायजे?" त्यांनी सांगितलं, "चढ हाय." साहेबांना वाटलं, काही तरी आध्यात्मिक असेल. सही करून टाकली.

इंजिन बसलं. आता ते गाडीच्या स्वभावाला जुळवून घ्यायचं काम गुंजनकडे. ही इंजिनिअरिंग शिकलेली मुलगी लॅपटॉपला वायर लावून इंजिनाचं डोकं ठिकाणावर आणायची: पेट्रोल किती, हवा किती, टर्बोचा दाब कधी.

"काकू, थोडं सौम्य ठेवू का? एवरेज चांगला पडेल."

"पोरी, पस्तीस वर्षं एवरेजच काढला मी. घराचा, पोरांचा, पगाराचा. आता जोर काढ."

गुंजनने जोर काढला. गाडी सुरू झाली तेव्हा गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती संध्याकाळपर्यंत परतली नाहीत.

इथपर्यंत सगळं झकास. पण भिलाईच्या माणसाचा कारखाना निवृत्तीनंतरही सुटत नाही. क्रेन दुरुस्त झाली की तिला आधी ठरल्या वजनाच्या सव्वापट वजन उचलायला लावतात, पास झाली तरच कामाला घेतात, हा तिथला नियम. रुक्माबाईंनी तोच नियम गाडीला लावला. गाडी पाच माणसांची. पाचाचे सव्वापट म्हणजे सव्वासहा. स्वतःसकट सहा बाया भरल्या आणि वरच्या पाव बाईसाठी तांदळाचं पोतं ठेवलं.

"वो रुक्मा, दार लागून नाही राहिलं," शेजारच्या तुळसाबाई कळवळल्या.

"श्वास आत घ्या. टेस्टिंग हाय."

वरात निघाली ती थेट रेल्वेच्या उड्डाणपुलावर. मध्यावर थांबवून रुक्माबाईंनी चढावरूनच गाडी उचलायला घेतली. इंजिन गरजलं, पण गाडी जागची हलेना. मग बोनेटखालून जळक्या वासाचा धूर आला आणि सहा बाया एका दाराने बाहेर पडल्या.

बबलूने कपाळावर हात मारला. "इंजिन नया है आंटी, क्लच तो पुराना ही है ना! गाडी को क्रेन समझ लिया क्या?"

नवी ताकद पेलणारी क्लचप्लेट मागवायची होती, ती डोंगरगडच्या दिवसापर्यंत येणार नव्हती. बबलूने पुन्हा जुन्यासारखीच बसवली आणि बजावलं, "प्यार से चलाना. चढ पे जोर लगाया तो गई समझो."

बातमी स्मृती नगरला पोचायची ती पोचलीच. दौलतरावांचा फोन आला. "झाली हौस? सकाळी तयार राहा. घ्यायले येतो."

"नका येऊ भाऊजी. मी माह्या गाडीनं येतो."

"अन् बंद पडली म्हणजे?"

"पडली तर माहीच पडन."

डोंगरगडच्या दिवशी ताफा निघाला. रुक्माबाई सर्वांत मागे, तळपायाखाली अंडं ठेवल्यासारख्या गाडी चालवत होत्या. राजनांदगाव गेलं. टर्बोने एकदाही तोंड उघडलं नाही. मग तो चढ आला. सगळ्यांपुढे लोखंड लादलेला ट्रेलर रांगत होता, त्याच्या मागे दौलतराव रांगत होते. ओव्हरटेक करायला दोनदा बाहेर आले, दोनदा आत गेले.

"मागं कोणी नाही," आनंदरावांनी शेजारून खबर दिली.

"समोरचं सांगा, समोरचं!"

"समोर रस्ता मोकळा हाय." मग आवाज खाली आणून, "पण बबलू म्हणे..."

"बबलूले मागं बसा लागत नाही," रुक्माबाई म्हणाल्या आणि तिसरा गिअर टाकून पाय दाबला.

टर्बोने शीळ घातली. लाल गाडी सगळा ताफा मागे टाकत दौलतरावांच्या बाजूने अशी सुटली की मागच्या काचेतून अन्नपूर्णाबाईंचा उघडलेला 'आ' तेवढा दिसला. ट्रेलर मागे पडला. आणि माथा दिसू लागला तसा इंजिनाचा आवाज वाढला, वेग मात्र उतरला. ओळखीचा वास आला. रुक्माबाईंनी उरलीसुरली गती जपत गाडी टपरीपर्यंत नेली आणि तिथे क्लचने प्राण सोडला.

दौलतराव वर आले तेव्हा रुक्माबाई बोनेटला टेकून उभ्या होत्या. "या भाऊजी. चहा सांगून ठेवला."

दौलतरावांनी हुंगून पाहिलं. "गेला?"

"गेला."

"मी सांगून राहिलो होतो!" त्यांचा चेहरा उजळला. मागचं दार उघडून धरलं. "चल. बस मागं."

रुक्माबाईंनी चहा संपवला, पेला ठेवला. "दोर हाय का तुमच्यापाशी?"

"दोर कायले?"

"माही गाडी ओढाले. स्टिअरिंग मी धरतो. इथून डोंगरगड दिसूनच राहिलं."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, दौलतराव खोब्रागडे भावजयीची गाडी ओढून राहिले. चांगलंच म्हणतीन."

दोर बांधला जात होता तेव्हा अन्नपूर्णाबाई पांढऱ्या गाडीतून उतरल्या. आलूबोंड्यांचा डबा त्यांनी आनंदरावांच्या हातात दिला, त्यांना आपल्या मागच्या सीटवर पाठवलं आणि लाल गाडीच्या पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला.

"अवो, ते गाडी बंद हाय!" दौलतराव ओरडले.

"असू द्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "समोरून रस्ता कसा दिसते, पाहतो."

दोर ताणला गेला. लाल गाडी हिसका खाऊन निघाली आणि रुक्माबाईंनी हॉर्न दाबून धरला. पुढच्या गाडीच्या खिडकीतून दौलतरावांचं डोकं बाहेर आलं.

"आता काय झालं?"

"झटके कावून देऊन राहिले, भाऊजी? नीट चालवा. बायामाणसं हायत गाडीत!"