सात नंबरच्या कम्प्युटरवरचा वसंता

वसंता गेल्याची बातमी कामरगावला मीच सांगितली, तीही भोंग्यावरून. माझा धंदाच तो... रिक्षाला भोंगा बांधून गावोगाव जाहिराती करत फिरायचं. त्या सकाळी बाजारात रिक्षा उभी करून एका साड्यांच्या सेलचं गुणगान चाललं होतं, तेवढ्यात वसंताच्या बायकोचा, शांतावहिनींचा, अकोल्याच्या दवाखान्यातून फोन आला. माइक बंद करायचं राहिलं. "काय म्हणता वहिनी? वसंता गेला? कवा?" हे सगळं गावाने साड्यांच्या भावापाठोपाठ ऐकलं. दुकानांतून माणसं बाहेर आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला मात्र घाम फुटला होता. आता कबूल करायला हरकत नाही. शेवटचे चार महिने मी वसंताला एक थाप मारत होतो, आणि तो तीच खरी मानून गेला, असं मला वाटत होतं.

पेंटर वसंता म्हणजे आमच्या भागातला पाट्या रंगवणारा. आसेगावची पिठाची गिरणी असो की रिठदचा टेलर, अक्षर वसंताचं. मग फ्लेक्स आला आणि तासाभरात छापून मिळू लागला. वसंताचे ब्रश वाळले, आणि लोक मोबाइलवर जाहिराती करू लागल्यावर माझा घसाही रिकामा पडला. त्याच सुमारास तालुक्याच्या कॉलेजात वेबसाइट आणि डिझाइन शिकवणारा सहा महिन्यांचा कोर्स निघाला, वयाची अट नव्हती. वसंता घरी येऊन म्हणाला, "दिगू, ज्यानं आपल्याले मारलं, त्याच्याच घरी जाऊन शिकू. चाल." बावन्नाव्या वर्षी आम्ही दोघं लॅबमध्ये पोरापोरींच्या रांगेत बसलो. पल्लवी मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या. मला सहा नंबरचा कम्प्युटर मिळाला, त्याला सात.

वसंता माउस ब्रशासारखा चिमटीत धरायचा. एक अक्षर टाइप केलं की खुर्ची सरकवून उठायचा, दारापर्यंत मागे जायचा, एक डोळा मिटून स्क्रीनकडे बघायचा. मधली पोरं मुकाट बाजूला व्हायची. पहिल्याच आठवड्यात त्याने अक्षरं इतकी मोठी केली की एका स्क्रीनवर एकच मावलं. मॅडम म्हणाल्या, "काका, लोक मोबाइल हातात धरून वाचतात हो." तो म्हणाला, "आन चष्मा घरी राह्यला तं?" लॅब हसली, मॅडमही हसल्या. तयार फॉन्ट मात्र त्याला कधीच पटले नाहीत. "याच्यातले सगळे 'अ' सारखेच," तो तक्रार करायचा. "मॅडम, माह्या सकाळचा 'अ' येगळा असते, जेवल्यावरचा येगळा. हा गडी कधी जेवतच नाही काय?"

शेवटचा प्रकल्प होता स्वतःची वेबसाइट करण्याचा. वसंताने ठरवलं, उरल्यासुरल्या सगळ्या पाट्या तिच्यावर चढवायच्या. दोन रविवार माझ्या रिक्षातून आम्ही पाट्या शोधत फिरलो आणि माझ्या फोनवर फोटो काढले. एक पाटी कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर झाली होती. कोंबड्या हाकलून फोटो काढला. बहुतेक पाट्या मोडीत निघायच्या बेतात. वसंता एवढंच म्हणाला, "आता ह्या फोटोतच राह्यतीन." सात नंबरवर त्याने ते फोटो पानांत बसवले, मॅडमनी सगळ्यांचं काम इंटरनेटवर चढवलं, आणि कोर्स संपून लॅबला सुट्टीचं कुलूप लागलं. वसंताकडे बटणांचा फोन. तो म्हणाला, "तुह्याच्यावर पाह्य बरं, दिसते काय."

मी पाहिलं. नाव दिसत होतं, गावांची नावंही दिसत होती, आणि फोटोंच्या जागी नुसते रिकामे चौकोन! वर्गात शंभरदा सांगितलेलं तेव्हा डोक्यात शिरलं: पानात फोटो येत नाही, पानाला फक्त फोटोचा पत्ता ठाऊक असतो. वसंताने पत्ता दिला होता सात नंबरच्या कम्प्युटरचा, आणि फोटो तिथेच राहिले होते. माझ्या फोनमधले मी जागा भरली म्हणून कधीच पुसून टाकले होते. त्याच आठवड्यात त्याच्या पोटातल्या दुखण्याचा रिपोर्ट आला होता... समोर त्याचा चेहरा. मी म्हणालो, "दिसते तं! झकास दिसते!"

मग सुटलोच मी. दवाखान्यात दर खेपेला नवी थाप. एकदा म्हणालो, "नागपूरचा एक जन म्हने, असा 'ळ' उभ्या नागपुरात नाही."

"कोनत्या पाटीवरचा?"

"गिरणीच्या... दळणातला!"

"हं," वसंता म्हणाला. "आन अमरावतीकडचे कोनी पाह्यत नाहीत काय?"

मी ताबडतोब अमरावतीचे दोन प्राध्यापक उभे केले. पहिली थाप मारल्यापासून ती वेबसाइट पुन्हा उघडून बघायची माझी हिंमत झाली नव्हती.

तेराव्यानंतर कळलं, लॅबमध्ये नवे कम्प्युटर येणार आणि जुने पुसून टाकणार. मी चपलाही धड न घालता कॉलेज गाठलं. सातच्या जागी रिकामं टेबल! तिथेच बसलो आणि पल्लवी मॅडमना सगळं सांगून टाकलं, थापा, चौकोन, प्राध्यापक, सगळं. त्या हसायलाच लागल्या.

"काका, वसंताकाकांना माहीत होतं. दवाखान्यातल्या सिस्टरकडून त्यांनी साइट उघडून घेतली होती. मधे घरी सोडलं तेव्हा जीपने इथे आले. मी लॅब उघडून दिली. सातवर बसून एकेक फोटो स्वतः उचलला, पत्ते दुरुस्त केले. मला म्हणाले, 'दिग्याले सांगू नोका. लय जीव लावून खोटं बोलून राह्यला तो. मले आयकाचं हाये.'"

म्हणजे मी अमरावतीचे प्राध्यापक उभे करत होतो, तेव्हा साइट जगभर दिसत होती आणि हा गडी तोंडावरची माशीही हलू न देता "हं" म्हणत होता! छातीवरचा धोंडा असा उतरला की मी त्या रिकाम्या टेबलावर डोकं ठेवून हसलो... आणि मग बातमी आल्यापासून पहिल्यांदा रडलो.

मॅडमनी माझ्याच फोनवर साइट उघडली. गिरणी आली, टेलर आला, खुराडंसुद्धा आलं. सगळ्यात शेवटी एक पाटी होती, मी कधी न पाहिलेली; त्या दिवशी जीपमधून तो ती घेऊन आला होता आणि फोटो मॅडमनी काढला होता. कोरा पत्रा, ताजा रंग, ओळ थोडी खाली उतरलेली, कारण हातात ताकद उरली नसणार. त्यावर लिहिलं होतं, 'आमचे प्रसिद्धिप्रमुख', आणि खाली माझं नाव.

वहिनींनी तो पत्रा माळ्यावरून काढून दिला. रिक्षाच्या मागे लावलाय. परवा रिठदच्या रस्त्यावर एकाने हटकलं, "कोनाचे प्रसिद्धिप्रमुख हो तुमी?" मी रिक्षा बाजूला घेतली, फोन काढला आणि त्याच्या हातात दिला. बराच वेळ तो बोटाने पाट्या वर सरकवत राहिला. मला पदरचं काहीच घालावं लागलं नाही.