झोल पडलाय, ओढ!

चौकातल्या पानटपरीवर एकच गाणं दिवसभर वाजतंय. त्यात 'झोल' हा शब्द वीसदा येतो, आणि लोकांना वाटतं, झोल म्हणजे नुसता गोलमाल. संताप येतो. मुळात हा शब्द कापडाचा आहे, विचारा कुठल्याही मांडववाल्याला. कापड नीट ताणलं नाही की मध्ये लोंबतं, तो झोल.

मला तो सुनंदाने शिकवला. ती कपडे शिवायची. पाण्याच्या मोर्चात आमचा कापडी फलक आम्ही दोघी धरायचो. ती मध्येच ओरडायची, "अगं पुढारीणबाई, घोषणा नंतर दे! झोल पडलाय, ओढ!"

गेल्या उन्हाळ्यात तिच्या गल्लीत नळाला पाणी आलं आणि ती मोर्चाला येईनाशी झाली. मी तिला दारात उभं राहून नाही नाही ते बोलले.

आमच्या गल्लीत अजून पाणी नाही. आज फलकाचं एक टोक खांबाला बांधलंय, दुसरं माझ्या हातात आहे. पत्रक द्यायला हात सैल सोडला की मधली अक्षरं दुमडतात. टपरीवरचं गाणं झोल झोल म्हणतंय, पण ओढ म्हणणारं कुणी नाही.