गरब्यात वाजवलेलं नदीचं गाणं

तापलेल्या स्पीकरचा वास आला की तरसालीचं ते गरब्याचं मैदान आठवतं. कॉलेजात आम्ही तिघं मित्र स्वतः रचलेली संथ मराठी गाणी गिटारवर म्हणायचो, आणि डभोईहून एक मुलगी दर कार्यक्रमाला बसने यायची. त्या नवरात्रात मात्र आम्ही कीबोर्ड आणि ढोल घेऊन त्याच चालींवर गरबा वाजवला. लोक बेभान नाचले. ती कडेला नुसती उभी होती. मध्यंतरात मी विचारलं, "केम, आवडलं नाही?" ती म्हणाली, "तुमचं नदीचं गाणं मी आईला तिच्या शेवटच्या आजारपणात रोज म्हणून दाखवायचे. आज त्यावर टाळ्या पडत होत्या." मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात ढोल वाजला आणि मी सुटका झाल्यासारखा स्टेजकडे धावलो. ती पुन्हा कधी आली नाही. आज ते गाणं संथ वाजवायला बसलो, तरी बोटं आपोआप गरब्याचा ठेका धरतात.