पेटीच्या भात्यावरचे पेरू

उन्हाळ्यात नवऱ्याला लकवा झाला आणि डावा हात लुळा पडला. ते पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात पेटी वाजवतात. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. दिवाळीनंतर वडशात नाटकांचा हंगाम सुरू होतो. कंपनीच्या मालकाने निरोप धाडला होता: गुरुवारी दुपारी येऊन ऐकतो, नाही जमलं तर दुसरा मास्तर ठरवतो.

त्या गुरुवारी सकाळी फिजिओथेरपीच्या बाई हेडसेट घेऊन आल्या. तो डोळ्यांवर चढवला की आपलीच खोली दिसते, फक्त हवेत पेरू लटकलेले असतात. हात लांबवून पेरू धरायचा आणि टोपलीत टाकायचा. नवऱ्याने भराभर टाकले. बाई म्हणाल्या, हात जागचा हलत नाही, कंबरच पुढे जाते. त्यांनी माझी ओढणी मागितली आणि नवऱ्याची छाती खुर्चीच्या पाठीला बांधली. आता एकही पेरू हाती लागेना.

मी पेटी आणून समोरच्या टेबलावर ठेवली. दुपारी वाजवायची हीच होती. बाईंनी हेडसेटमधले पेरू बरोबर भात्यावर आणले.

नवऱ्याने उजव्या हाताने डावा उचलला. बाईंनी लगेच अडवलं, उजव्याची मदत नको.

"एका हातानं पेटीले नमस्कार करू का?" ते चिडून म्हणाले.

बाई म्हणाल्या, "मग डावा त्याचा तोच वर आणा, काका."

हात थरथरत छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. कपाळावर घाम आला. मी घड्याळ पाहत होते. शेवटी त्यांनी मानच खाली घातली आणि कपाळ बोटांना टेकवलं. बाईंनी मानेला हरकत घेतली नाही. मग हात भात्याकडे गेला. पुन्हा पुन्हा गेला.

मालक आला तेव्हा हेडसेट काढला होता, ओढणी तशीच होती. त्याने ओढणीकडे पाहिलं आणि ऐकायला बसला. नांदी सुरू झाली. अर्ध्यावर भाता रिकामा झाला, सूर बसला. हात सरकला, भाता पुन्हा भरला. नांदी संपली तेव्हा नवऱ्याचा खांदा उडत होता.

"मास्तर, नांदी तुमी वाजवा," मालक म्हणाला. "पुढचं दुसऱ्याले देतो."

नवऱ्याने पेटीवरून हात काढला नाही.

मी मालकाला सांगितलं, मंचाजवळ पाठीची खुर्ची लागेल. ओढणी मी आणीन.