मिस्त्रीच्या शेडातली मिठाची वाटी

जवाहरनगरात जोतीराम सुतार म्हटलं तर कुणी ओळखायचं नाही. मिस्त्री म्हटलं की रिक्षावाला थेट परड्यातल्या पत्र्याच्या शेडापर्यंत नेऊन सोडायचा.

त्या शेडात जोतीराम फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून वाळूच्या साच्यात ओततात, पण वाळूत तो आकार उठवायला आधी तस्साच लाकडी नमुना लागतो. तो नमुना म्हणजे पॅटर्न. लाकूड केसाएवढं चुकलं की बीडही चुकलं. जोतीराम बावीस वर्षं हे काम करत होता आणि त्याचं लाकूड चुकत नव्हतं.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात मात्र ते चुकलं. पंपाचा सागवानी पॅटर्न ओल खाऊन आडव्या अंगानं दोन मिलिमीटर फुगला, आणि शिरोलीच्या फौंड्रीत चाळीस पंप भंगारात गेले. तिथला तरणा इंजिनिअर पृथ्वीराज तोंडानं गोड होता.

"मिस्त्री, तुमचं काम म्हणजे दागिना. पण पुढच्या श्रावणात मी स्वतः येऊन माप घेणार. फुगलेलं निघालं तर यापुढची कामं बेळगावला."

बेळगाव हे नाव जोतीरामच्या छातीत खिळ्यासारखं बसलं. बेळगावचे सुतार पॅटर्नला फेव्हिकॉल जास्त आणि अक्कल कमी लावतात, असं तो कायम म्हणत आला होता.

मग अठ्ठ्याण्णवचा वैशाख त्यानं ओलीशी लढायच्या तयारीत घालवला. तो मूळचा चंदगडचा. तिथं पावसाळ्यात चपलेला, पट्ट्याला, एवढंच काय, लाकडी फणीलासुद्धा बुरशी येते. पाऊस पश्चिमेकडून आडवा मारतो म्हणून लोक घराच्या त्या अंगाला गवताच्या ताट्या, म्हणजे झडी, बांधतात. ओल बाहेरून येते, ती बाहेरच अडवायची, हे जोतीराम आईच्या दुधाबरोबर शिकला होता. त्यानं जमिनीवर जाड प्लास्टिक घालून वर कोबा केला. लाकडं भिंतीपासून वीतभर लांब, पट्ट्यांवर रचली. मग पत्रा आणि भिंतीमधली एकूण एक फट शोधून काढली आणि पोतं, डांबर, जुनी सायकलची ट्यूब, हाताला येईल ते कोंबून ती बुजवली. खिडक्यांना प्लास्टिक ठोकलं. वर उबेला दोनशे वॉटचे दोन बल्ब टांगले.

"आता ह्यात मुंगी आली तरी विचारून येईल," तो बायकोला म्हणाला.

"मुंगीला काय काम नसंल," आक्काताई म्हणाली.

आषाढ लागला आणि पंधरा दिवसांत नव्या पॅटर्नवर पांढरी लव आली. जोतीरामनं ती पुसली. ती परत आली. पत्र्याच्या आतल्या अंगाला घाम सुटायला लागला. त्यानं पत्र्यावर चढून भोकं शोधली, एकही सापडलं नाही. लाकडाच्या वखारवाल्याला शिव्या घातल्या. कोब्याला कान लावला. शेडात साबणासारखा वास येत होता, तो बुरशीचाच असणार असं त्यानं ठरवून टाकलं.

शेवटी त्यानं कामाच्या बाकावर वाटीत खडे मीठ ठेवलं. मीठ हवेतलं पाणी ओढतं. सकाळी मीठ कोरडं. दुपारी बाराला जेवायला जाताना कोरडं. झोपून चारला परत आला की वाटीत पाणी.

तीन दिवस रोज नवं मीठ घातलं, तरी असंच झालं. म्हणजे ओल रोज बारा ते चारच्या मध्ये येत होती. चंदगडात जन्म काढूनही इतकी वक्तशीर ओल जोतीरामनं पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी तो जेवला, आडवा झाला आणि खोटंखोटं घोरायला लागला. दहा मिनिटांनी परड्यातलं दार वाजलं. तो पाय न वाजवता मागोमाग गेला आणि त्यानं शेडाचं दार उघडलं.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्याचीच रेघ मारायची दोरी ताणलेली होती. तिच्यावर दोन साड्या, चार परकर, चादर, आणि ओळीनं चड्ड्या. पंपाच्या पॅटर्नला कुणीतरी ओलं बनियन घातलं होतं. त्या पंपाला ते मापात बसलं होतं. आक्काताई आणि शेजारची खतिजाभाभी, दोघींच्या हातात बादल्या होत्या.

"हे काय लावलंय?"

"तुमी झोपला न्हवता?" आक्काताई म्हणाली.

"घोरत हुतो म्हणजे झोपलोच हुतो व्हय?"

"तरीच म्हटलं, आज घोरणं लई शिस्तीत चाललंय."

"कधीपास्नं चाललंय हे?"

"आषाढ लागल्यापास्नं."

खतिजाभाभीनं बादली खाली ठेवली. "मिस्त्रीभाऊ, रागावू नका. आठ-आठ दिस ऊन न्हाय. घरात कापडं सडाय लागली. तुमचं शेड म्हणजे भट्टीच की! चादर तीन तासांत कडक."

"कडक! एका चादरीत दोन तांबे पाणी असतंय. ते कुठं गेलं?"

"वाळलं की."

"वाळून कुठं गेलं?"

तेवढ्यात पत्र्यावरचा एक थेंब सुटला आणि आक्काताईच्या बरोबर कपाळावर पडला.

"तिथं गेलं!" जोतीराम ओरडला. "आन तिथनं माझ्या पॅटर्नवर!"

आक्काताईनं पदरानं कपाळ पुसलं आणि वर बघितलं. मग बुजवलेल्या फटी एकेक करून बघितल्या. "आमची चूक मान्य. पन वाफेनं जायाचं कुठनं? भोकं सगळी तुमीच बुजीवली. आमी भात शिजाय ठेवला तर झाकण जरा सरकवून ठेवतो, न्हायतर त्याचं पाणी त्यातच पडतंय. तुमी तर झाकणावर बसलाय."

जोतीरामनं एका बुजवलेल्या फटीवरनं हात फिरवला. चंदगडच्या घराला झड असायची, पण वर कौलं असायची. चुलीचा धूर कौलांतून निघायचा, त्याबरोबर घरातली ओलही. पत्र्यातून काय निघणार?

"कापडं बंद म्हणजे बंद," एवढंच तो म्हणाला. पण दुसऱ्याच दिवशी त्यानं छपराच्या माथ्यावरचा पत्रा चार बोटं उचलला आणि त्यावर पावसासाठी छोटी टोपी बसवली. खाली पूर्वेच्या खिडकीचं प्लास्टिक काढून जाळी मारली. गार हवा खालनं आत, उबदार हवा वरनं बाहेर. पॅटर्न सगळ्या बाजूंनी घासून, लाखेचे हात मारून, कपाटात एक बल्ब टांगून त्यात ठेवला. मीठ दुपारी चारलाही खडखडीत राहायला लागलं. बायकोनं आपलं ऐकलं, याचं त्याला नवल वाटलं आणि थोडं कौतुकही.

श्रावणातल्या एका भर दुपारी पृथ्वीराज न कळवता आला. जोतीराम खऱ्या झोपेतून उठला, तोंडावर पाणी मारून त्याला शेडाकडे घेऊन गेला आणि रुबाबात दार उघडलं.

उचललेल्या पत्र्याच्या बरोबर खाली दोरी होती. दोरीवर साडी, लुंगी आणि पट्ट्यापट्ट्याच्या तीन चड्ड्या वाऱ्यावर हलत होत्या.

"मिस्त्री, हे काय?"

जोतीरामची नजर आधी बाकावरच्या वाटीवर गेली. मीठ कोरडं होतं. म्हणजे पंधरा दिवस कापडं वाळत होती, आणि तरीही ओल साठत नव्हती. त्यानं घसा साफ केला.

"ही आपली ओल तपासायची पद्धत हाय, साहेब. मीठ हायच, पन मीठ फसवतंय. चड्डी फसवत न्हाय. तीन तासांत वाळली तर शेड पास."

"अडीच," दारातून आक्काताई म्हणाली.

पृथ्वीराजनं कॅलिपर काढला. पॅटर्न तीन ठिकाणी मोजला, मग कागदाशी ताडून परत मोजला. जोतीरामला तेवढ्यात बेळगावपर्यंतचे सगळे एसटी थांबे आठवून झाले.

"बरोबर आहे," पृथ्वीराज म्हणाला. मग खिशातून डायरी काढून गंभीरपणे विचारलं, "कापड सुतीच लागतं का?"

"सुतीच," जोतीराम म्हणाला. मागं आक्काताईशेजारी येऊन उभ्या राहिलेल्या खतिजाभाभीला खोकल्याची मोठी उबळ आली.

काम बेळगावला गेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात जोतीराम शिरोलीला गेला, तर फौंड्रीच्या पॅटर्न स्टोअरमध्ये दोरीवर एक ओला टॉवेल टांगलेला, आणि खाली तारीख-वेळ लिहिलेला तक्ता.

"मिस्त्री, आमचा पाच तास घेतो," पृथ्वीराज काळजीनं म्हणाला. "कुठं चुकतंय?"

जोतीरामनं सगळ्या बंद खिडक्या बघितल्या, मान वर करून गच्च बसलेला पत्रा बघितला आणि मोठ्या अधिकारानं म्हणाला, "साहेब, झाकण सरकवा."