भिंतीतला पियानो

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूरच्या रस्त्यांवर मोटारी नुकत्याच दिसू लागल्या होत्या, तेव्हाची ही हकिकत. मी एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. आमच्या छापखान्यामागे बग्ग्या बांधणाऱ्या एका मुसलमान मिस्त्रींचा कारखाना होता. छपाईचे खिळे जुळेपर्यंत मी तिथे जाऊन बसत असे.

एका दुपारी मिस्त्रींनी अर्धवट बग्गीच्या बैठकीवर तीन कागद पसरले. तिन्हींवर पियानो काढलेले होते. पहिल्याला पाय नव्हते; तो छतातून लोखंडी गजांवर टांगलेला होता. दुसऱ्याची झाकणं दोन्ही बाजूंना पाखराच्या पंखांसारखी उघडत होती. तिसऱ्याच्या आरपार एक भिंत गेली होती.

"हे कुणाचं डोकं?" मी विचारलं.

"सरदारांच्या सुनेचं. कागद दासीच्या हातनं येत्यात. मी त्यास्नी बघितलं न्हाय, त्यांनी मला न्हाय."

सरदारांच्या घरी बायकांना कडक गोषा होता. सूनबाई माहेरी एका मडमेकडून पियानो शिकून आल्या होत्या. सासरी मोठा विलायती पियानो होता, पण तो दिवाणखान्यात, म्हणजे पुरुषांत. त्यावर पानाचं तबक ठेवत. दिवाणखान्यात कुणी नसताना वाजवायची परवानगी त्यांना होती. त्यांना ती नको होती. कुणीतरी ऐकावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. तिसरा कागद पाहून सरदार कबूल झाले, पण एका अटीवर: कोण वाजवतं, हे बाहेर फुटता कामा नये. फुटलं तर पियानो घराबाहेर जाईल.

"बिनमाणसाचा पियानो लोकांना कसा पटायचा?" मी म्हणालो.

"मोटारीला घोडा दिसतो का, पावणं? पळतीच की."

मिस्त्रींनी दिवाणखाना आणि जनानखाना यांच्यातली भिंत कापली आणि त्या जागी शिसवी फळी बसवली. पियानो तिच्यातून असा घातला की पट्ट्या जनानखान्यात राहिल्या आणि बाकीचं सगळं धूड दिवाणखान्यात आलं. तारा आणि आतली लोखंडी चौकट त्यांनी तशीच ठेवली. कवचाला बाहेरून घासूनपुसून लखलखीत केलेला पत्रा चढवला. लाकडी झाकणाच्या जागी काच बसवली आणि काचेखाली बग्गीचे दोन दिवे. मागच्या टोकाला एकच सडपातळ खांब होता. खाली बसून पाहिलं तर वाटे, भिंतीतून एक चांदीचं जहाज अर्धं बाहेर आलं आहे.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी पाहुणे जमले; बातमीदार म्हणून मीही होतो. दिवे लागले आणि पियानो वाजू लागला.

मी दरबार, हत्ती, कुस्त्या या सगळ्यांच्या बातम्या लिहिल्या होत्या. अशा वेळी हात आपोआप चालतो. त्या दिवशी चालला नाही. काचेखाली, तारांच्या आड, लोकरी नमद्याच्या ऐंशी-नव्वद हातोड्यांची रांग होती. त्यांतल्या कुठल्या उठतील हे कळत नव्हतं. एक इथे उठे, तीन तिथे, मग टोकापासून टोकापर्यंत वारा फिरल्यासारखी सगळी रांग हलून जाई. समोर माणूस नव्हता. पाहुण्यांची तोंडं त्या उजेडात लहान मुलांसारखी दिसत होती. मला हे सारं ठाऊक होतं, तरी भिंतीपलीकडे कुणी आहे याचा मलाही विसर पडला.

पहिला तुकडा संपला.

"किल्ली कुठंशी देत्यात हेला?" कुरुंदवाडहून आलेले एक वयस्क जहागीरदार वाकून शोधू लागले.

"खालनं आसंल," दुसरा म्हणाला. "सायबाचं यंत्र हाय. सायबाचं डोकं."

सरदार मिशीवरून हात फिरवत बसले होते. अट पाळली जात होती. फळी एक बोट जाडीची होती. पलीकडे यातला शब्द न् शब्द जात असणार.

जहागीरदारांनी काचेवर बोटाने टकटक केलं. "काय पावणं? विलायती पुरं झालं. जात्यावरची ओवी येती का?"

सगळे हसले. हसू विरलं आणि मग एक हातोडी उठली. एकेरी, सावकाश. ओवीचा पहिला चरण वाजला. दुसरा वाजला. ती चाल त्या खोलीतल्या प्रत्येकाने पहाटे अंथरुणात पडून ऐकलेली होती.

जहागीरदार काचेपासून एक पाऊल मागे सरले.

"यंत्राला ऐकू येतंय व्हय?"

हातोड्या तिथेच थांबल्या. सगळ्यांनी सरदारांकडे पाहिलं. मिस्त्री दाराशी उभे होते. त्यांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. एवढं कापलेलं, जोडलेलं, घासलेलं सगळं आता उपसून न्यावं लागणार, असं मलाही वाटलं. सरदार काचेतल्या दिव्यांकडे बघत राहिले. त्यांचा हात मिशीवरून खाली आला होता.

"यंत्राला न्हाय," ते म्हणाले. "सुनंला येतंय."

जहागीरदारांनी फेटा सारखा केला आणि ते खाली बसले. सरदारांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"सूनबाई, ओवी अर्धी राहिली."

मग काचेखाली, रांगेच्या मधोमध, एक हातोडी उठली.